पीजेच्या रुळांपासून वघईपर्यंत : मामांसोबत चार दिवस

मामांच्या काठीवर दोन खाचा आहेत. एक मुठीच्या जरा खाली, दुसरी टोकाजवळ. दोन खाचांमधलं अंतर बरोबर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. पाचोरा-जामनेर, म्हणजे पीजे, या छोट्या गाडीच्या दोन रुळांमध्ये एवढंच अंतर होतं. मामा त्या लाईनीवर चावीवाले होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात झेंडी, आणि नेमून दिलेला पल्ला पायी चालून रूळ जागेवर धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी तपासायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर बाभळीची काठी त्यांनी स्वतः तासली आणि खाचाही स्वतःच कोरल्या.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आमची पीजे थांबली. बाकीच्या गाड्या एकेक करून सुरू झाल्या, ही झाली नाही. ब्रॉडगेज होणार, पुढे बोदवडपर्यंत नेणार, अशी बोलणी ऐकू येऊ लागली. दिवाळीत मामा म्हणाले, "एकदा सगळी लाईन डोळ्यांखालून घालू. काम लागलं की हे रूळ दिसायचे नाहीत." त्याच सुमाराला वाचनात आलं की गुजरातेतली बिलीमोरा-वघई ही अडीच फुटीच गाडी सप्टेंबरपासून पुन्हा धावू लागली आहे. मग बेत ठरला: दोन दिवस आपल्या थांबलेल्या गाडीचे, दोन दिवस शेजारच्या चालत्या गाडीचे. डिसेंबर २०२१चा दुसरा आठवडा आम्ही तेवढ्यासाठीच ठेवला.

पहिला दिवस : पाचोरा ते शेंदुर्णी

एसटीच्या संपाचे दिवस होते, म्हणून जळगावहून मोटरसायकल काढली. सकाळी अशी थंडी की मामांनी मफलरवर टोपी आणि टोपीवर पुन्हा उपरणं बांधलं. पाचोऱ्याला पोचेपर्यंत ऊन जरा वर आलं होतं.

पाचोरा स्टेशनात मुंबई-भुसावळ मुख्य लाईनीवरून गाड्या धडाडत जात होत्या. बाजूला पीजेचे रूळ गंजून विटकरी झालेले. लहानपणी आईचा हात धरून मी याच ठिकाणी मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत चढायचो. मोठ्या गाडीची पायरी मला उंच पडायची, छोटीची बरोबर यायची. गाडी आपल्या मापाची आहे असं वाटायचं.

तिचं माप असं का होतं, हे सांगायला हवं. ब्रॉडगेजच्या रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असतं, त्याच्या निम्म्याहून कमी हिचं. अंतर कमी म्हणजे भराव अरुंद, पूल हलके, वळणं जास्त आखूड घेता येतात, रूळही हलके चालतात. त्यामुळे खर्च थोडा. ५६ किलोमीटरची ही लाईन शंभर वर्षांपूर्वी टाकली ती इथल्या कापसावर डोळा ठेवून. कपाशीच्या गाठी जामनेर-शेंदुर्णीच्या बाजूने पाचोऱ्याला आणायच्या आणि तिथून मोठ्या गाडीने मुंबई बंदराला. माणसं तिच्यात नंतर भरली आणि मग तिला सोडेनात.

वरखेडीपर्यंत रस्ता आणि रूळ एकमेकांची सोबत करत होते. गुरांच्या बाजारासाठी गाव पंचक्रोशीत माहीत. स्टेशनाजवळ गाडी लावून आम्ही रुळांवरून चालायला लागलो. वेडी बाभूळ दोन्ही बाजूंनी आत आलेली, मध्ये गाजरगवत गुडघ्याएवढं. पलीकडच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या. एक म्हातारी कमरेची ओटी सावरत बांधापर्यंत आली.

"काय भो, काय शोधी ऱ्हायनात?"

मामांनी सांगितलं, लाईन बघतोय. ती म्हणाली, "गाडी ते बंद व्हई गई." मग जरा थांबून विचारलं, पुन्हा कधी चालू होणार. आम्ही रेल्वेतून आलोय असं तिला वाटलं होतं. तिची नात पाचोऱ्याच्या कॉलेजात होती, गाडी असताना ती दहा-पंधरा रुपयांत जाऊन यायची, असं तिने सांगितलं. मामांनी "होईल मावशी" म्हटलं खरं, पण पुढचा अर्धा तास ते बोलले नाहीत.

पिंपळगाव हरेश्वरच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं. दुकान दोन किलोमीटरवर. एका शेतकऱ्याने आपल्या छोट्या टेम्पोत कापसाच्या गासड्यांवर आमची मोटरसायकल आडवी घातली, दुकानापाशी उतरवून दिली आणि पैसे घेतले नाहीत. यंदा कापसाला भाव आहे, तुमच्याकडून काय घेऊ, म्हणाला.

(कुणाला या बाजूला जायचं असेल तर: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. मार्चनंतर खान्देशात दुपारी बाराला रुळावर उभं राहवत नाही. जाड तळव्याचे बूट घाला, बाभळीचे काटे चपलेतून आरपार जातात. पाणी सोबत ठेवा.)

संध्याकाळी शेंदुर्णीला मामांच्या घरी. शेंदुर्णीला खान्देशातलं प्रतिपंढरपूर म्हणतात. त्रिविक्रमाच्या मंदिरात आधी जाऊन आलो, मग जेवण. मामीने उडदाची घट्ट डाळ, कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा केला होता. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ही भाकरी तव्यावरून उतरताच खायची. गार झाली की तिची चव अर्ध्यावर येते.

जेवल्यावर मामांनी मला विचारलं, अशा छोट्या गाड्या बाहेरच्या देशांतही आहेत का. वर्षानुवर्षं मी याविषयी वाचत आलोय, त्यामुळे थांबलोच नाही. ब्रिटनमध्ये वेल्सच्या डोंगरात फेस्टिनिऑग नावाची गाडी आहे, तिचे रूळ पीजेपेक्षाही जवळ, दोन फुटांहून किंचित कमी. १८३६ साली सुरू झाली तेव्हा इंजिन नव्हतं. डोंगरातून पाटीचा दगड भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप बंदराकडे घरंगळत यायच्या, आणि रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून न्यायचे. उतरताना ते घोडेही एका वाघिणीत उभे राहून खाली यायचे.

"घोडा गाडीत बसे?" मामीने भांडी घासता घासता विचारलं. मामा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. चढताना त्याने ओढलं, उतरताना त्याला बसवलं. न्याय आहे."

त्यांना मी आपल्या बाजूचंही सांगितलं. हिंदुस्थानातली पहिली छोटी गाडी बडोद्याच्या गायकवाडांची, डभोई ते मियागाम, १८६२ साली. तीही आधी बैलांनी ओढली, इंजिन त्यानंतर दहाएक वर्षांनी आलं. तिचेही रूळ अडीच फुटी.

दुसरा दिवस : शेंदुर्णी, पहूर, जामनेर

सकाळी सात वाजता शेंदुर्णी स्टेशन. या दिवसाची मी वाट पाहत होतो, कारण मामांचा जुना पल्ला इथून सुरू व्हायचा.

त्यांनी काठी आडवी धरून दोन रुळांवर टेकवली. एका बाजूची खाच रुळाच्या आतल्या कडेला लागली, दुसरीकडे मात्र खाच आणि कड यांत बोटभर फट राहिली. दीड-दोन वर्षं कुणी हात लावला नाही की रूळ असे सरकतात. मामा उकिडवे बसले. त्यांनी खडीतला एक गोटा उचलला आणि रुळाला धरून ठेवणाऱ्या चावीवर ठोका दिला. आवाज दबका आला, मातीच्या मडक्यावर टिचकी मारावी तसा. पुढच्या चावीवर तसाच. चौथ्या चावीवर मात्र स्वच्छ टण्ण वाजलं आणि त्याची थरथर रुळातून माझ्या बुटाला लागली.

"ही घट्ट आहे अजून," ते म्हणाले. "ही मीच ठोकली असेल किंवा माझ्यानंतरच्या पोराने. चावी बघायची नसते रे, ऐकायची असते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात लोखंड वाढतं, थंडीत आक्रसतं. रोज आवाज बदलतो. रोज चाललं तरच कळतं."

तीस वर्षं एक माणूस रोज हे ऐकत चालत होता, आणि त्याच्या जिवावर आम्ही पोरं खिडकीत बसून ऊस खात होतो. आम्हाला ड्रायव्हर दिसायचा, गार्ड दिसायचा. चावीवाला कधी लक्षातच आला नाही. छोट्या गाड्यांवर लिहिणारे इंजिनांविषयी भरभरून लिहितात, मीही लिहिलं आहे. या सकाळनंतर मला ते अपुरं वाटतं.

पहूरला वाघूर नदीच्या बाजूला चहा घेतला. अजिंठ्याची लेणी इथून वीसेक किलोमीटर, तीच वाघूर तिथेही आहे. तुम्ही लेणी पाहायला येणार असाल तर येता-जाताना तासभर पहूर-शेंदुर्णीसाठी काढा, लेण्यांना सोमवारी सुट्टी असते तेवढं ध्यानात ठेवा.

चहाच्या टपरीवर चार माणसं जमली आणि ब्रॉडगेजवर बोलणं निघालं. एक तरुण केळीचा व्यापार करणारा. त्याचं म्हणणं सरळ होतं: छोटी गाडी ताशी पंचवीस-तीसने चालायची, तिच्यात माल चढवायचा, पाचोऱ्याला उतरवून पुन्हा मोठ्या गाडीत चढवायचा, हे आता कुणाला परवडणार? मोठी लाईन आली तर डबा इथून थेट दिल्लीला. मला त्याचं म्हणणं पटतं. वरखेडीच्या त्या नातीलाही मोठी गाडीच हवी आहे. छोटी गाडी होती तशीच राहू द्या, असं मी म्हणणार नाही.

पण थोडं तरी राखून ठेवा, हे मी म्हणणार, आणि तिथे टपरीवर म्हटलंही. बार्शी लाईट रेल्वे ज्याने बांधली तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८९७ची गोष्ट. अडीच फुटी रुळांवरही भक्कम आणि भरपूर माल नेणारी गाडी चालवता येते, फक्त प्रत्येक आसावर सारखं वजन वाटलं पाहिजे, हे त्याने बार्शीला करून दाखवलं. त्याच माणसाने पुढे इंग्लंडात लीक-मॅनिफोल्ड नावाची तशीच अडीच फुटी लाईन केली, १९०४ला उघडली. ती चालली नाही, १९३४ साली बंद पडली. पण तिथल्या लोकांनी रूळ काढल्यावर तो भराव सोडला नाही. तीन वर्षांत त्यावर पायवाट केली. आज माणसं तिथून चालतात, सायकली नेतात. आणि ती फेस्टिनिऑग, १९४६ला बंद पडलेली, तिथे तर हौशी लोकांनी स्वतः झुडपं तोडून दहा वर्षांच्या आत पुन्हा गाडी सुरू केली.

टपरीवाल्याने विचारलं, "मग आपल्याकडे काय ठेवायचं?" मी म्हटलं, एक इंजिन, दोन डबे, एक स्टेशन आणि त्याच्यापुढचे शंभर मीटर रूळ. मामा म्हणाले, "आणि हातोडा."

भागदरा मागे टाकून दुपारी जामनेर. कांग नदीकाठच्या एका शेतात मामांच्या जुन्या गँगमधल्या सोबत्याने भरीताचा बेत केला होता. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर हिरवी लांबडी वांगी भाजली. जाळ मोठा, पण पटकन बसणारा, त्यामुळे साल करपते आणि आतला गर पांढराच राहतो. मग लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या, लसूण ठेचून त्यात वांगी घोटली, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. सोबत पुऱ्या. गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरीताला ही चव येत नाही, कितीही प्रयत्न करा. सहा जुने गँगमन गोल बसून जेवत होते आणि एकेक वळण, एकेक मोरी नावानिशी आठवत होते. मी फक्त ऐकत होतो.

तिसरा दिवस : तापी लाईनीने नवापूर

जळगावहून सुरतकडे जाणारी गाडी. हा दिवस प्रवासाचाच, त्यामुळे थोडक्यात. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत दुपारी नवापूर. बाहेर दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पिकं हिरवीगार, नंदुरबार सोडलं की डोंगर सुरू.

नवापूर स्टेशन मात्र थांबून पाहावं असं आहे. महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द स्टेशनातूनच जाते. फलाटावर एक बाक आहे, त्याचं अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीटखिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तर गुजरातेत. मामा बाकावर मधोमध बसले आणि माझ्याकडून फोटो काढून घेतला. काठी त्यांनी हद्दीवर बरोबर मध्ये ठेवली होती. मुक्काम ओळखीच्यांकडे, जेवायला झणझणीत शेवभाजी. रात्री थंडी जळगावपेक्षा जास्त, दोन गोधड्या लागल्या.

चौथा दिवस : वघई ते बिलीमोरा

पहाटे निघून व्यारामार्गे जीपने वघईला गेलो. आम्ही गेलो तेव्हा गाडी सकाळी बिलीमोऱ्याहून निघून दुपारी सव्वा-दीडच्या सुमाराला वघईला यायची आणि अडीचला परत फिरायची. वेळा बदलतात, निघण्याआधी पाहून घ्या. वातानुकूलित डबाही आहे, पण साध्या डब्यात बसा. उघड्या खिडकीशिवाय या गाडीला अर्थ नाही. वघईत वेळ उरला तर वनस्पती उद्यान आणि अंबिका नदीवरचा गिरा धबधबा आहे. धबधबा पावसाळ्यानंतर लगेच पाहावा, डिसेंबरात पाणी कमी होतं.

६३ किलोमीटरची ही लाईन गायकवाडांच्या राज्याची, डांगातलं सागवान खाली आणण्यासाठी टाकलेली. सयाजीराव महाराज मूळचे आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, हे मी सांगितल्यावर मामांना ही गाडी एकदम घरची वाटू लागली.

गाडी आली. इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागायला गेलं. त्याच्यावर झेडडीएम असं लिहिलेलं. झेड म्हणजे अडीच फुटी, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं. पीजेलाही याच जातीचं इंजिन होतं. मामांनी फलाटावरच्या कर्मचाऱ्याला आपली ओळख सांगितली आणि एक विनंती केली. तो त्यांना रूळ संपतात त्या टोकाशी घेऊन गेला.

मामा वाकले, काठी आडवी ठेवली. दोन्ही खाचा दोन्ही कडांना बसल्या. मध्ये नखभरही फट नाही. त्यांनी ती लगेच उचलली नाही. तो कर्मचारीही शेजारी उकिडवा बसला आणि खाचांवरून अंगठा फिरवून म्हणाला, "एकदम बराबर."

अडीचला गाडी हलली. डुंगरडा, काला आंबा, केवडी अशी स्टेशनं, दोन्ही बाजूंना सागाची झाडं इतकी जवळ की वाळकी पानं खिडकीतून मांडीवर पडत होती. फाटकाअलीकडे गाडी थांबायची, एक माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन थांबायची, तो फाटक उघडून पळत येऊन चढायचा. मामा प्रत्येक वेळी त्याच्यासाठी दारातून बाजूला सरकत होते.

समोर एक डांगी बाई टोपलीत आवळे घेऊन बसली होती. गुजरातीत काय विचारावं या विचारात मी असताना मामांनी सरळ अहिराणीत सुरुवात केली. तिने डांगीत उत्तर दिलं आणि दोघांना एकमेकांचं जवळजवळ सगळं कळत होतं. डांगी आणि अहिराणी एकाच घरातल्या बोली, हे मी वाचलं होतं. ऐकलं मात्र त्या दिवशी. उनाईपर्यंत त्यांचं बोलणं चाललं होतं: पाऊस, आवळ्याचा भाव, पोरांची शाळा. उनाईला गरम पाण्याचे झरे आणि मातेचं देऊळ आहे. ती तिथे उतरली, जाताना मूठभर आवळे मामांच्या उपरण्यात टाकून गेली.

अनावल गेलं तसं जंगल संपून ऊस आणि आंब्याच्या बागा लागल्या. ऊन कलतं झालं. मामांनी काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली होती आणि डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले.

"चाव्या घट्ट आहेत," ते डोळे न उघडता म्हणाले. "रोज कुणीतरी चालतंय इथून."

रानकुव्याच्या पुढे तो दिसला. रुळाच्या बाजूला, भरावाखाली उतरून उभा, खांद्यावर हातोडा, हातात गुंडाळलेली झेंडी. गाडी त्याच्यासमोरून जाताना मामांनी खिडकीतून काठी बाहेर काढून उंच धरली. त्याने आधी जरा बघितलं, मग हातोडा खांद्यावरून उचलून तसाच वर केला.